लवंगेची सिगारेट हलकी? घशाच्या सांगण्यावर जाऊ नका

तुमचा प्रश्न असा आहे की बालीला चाललोय, मित्र म्हणतो तिकडची लवंगेची सिगारेट गोड नि हलकी असते, घशाला लागत नाही, वर लवंग म्हणजे औषधच, मग ओढून बघायला काय हरकत आहे. मी सहा वर्षं इंडोनेशियात सुराबाया शहरात नोकरीला होतो नि त्यातली चार वर्षं रोज क्रेतेक, म्हणजे हीच लवंगेची सिगारेट, ओढलीये, म्हणून जरा लांबण लावतो.

चवीचं तुमचा मित्र खरं सांगतोय. बऱ्याच ब्रँडच्या कागदाच्या टोकालाच गोडवा लावलेला असतो, त्यामुळे ओठाला टेकवल्या टेकवल्या गोड लागतं. आत तंबाखूत साधारण एक तृतीयांश बारीक केलेली सुकी लवंग असते आणि त्यावर प्रत्येक कंपनीचा आपापला 'साउस', म्हणजे अर्क-मसाल्याचं मिश्रण, ते कोणी कोणाला सांगत नाही. पेटवली की लवंग तडतडते, त्या आवाजावरूनच क्रेतेक हे नाव पडलं. वास म्हणाल तर मसालेभाताच्या फोडणीत लवंग जरा जास्त तडकली की घरभर होतो ना, तसा, फक्त जड आणि पडद्यांतून आठवडाभर न जाणारा. ठिणग्या पण उडतात, माझ्या दोन शर्टांना भोकं पडली होती.

पण हलकी? अजिबात नाही. दाढ दुखली की आपण लवंगेच्या तेलाचा बोळा धरतो नि हिरडी बधिर होते, ते काम लवंगेतल्या युजेनॉल नावाच्या द्रव्याचं, आणि तेच युजेनॉल या धुरात असतं. घसा बधिर झाला की खोकला येत नाही, खोकला आला नाही की माणूस झुरका लांब घेतो, खोल घेतो, आत धरून ठेवतो, आणि वाटतं काय स्मूद आहे! तंबाखू कमी असूनही निकोटिन रक्तात साध्या सिगारेटएवढंच जातं ते यामुळे. पाकिटावरचे आकडे बघा. 'जी साम सू' ही हाताने वळलेली, बिनफिल्टरची, तिच्यावर टार (धुरातला डांबरासारखा चिकट भाग) ३९ मिलिग्रॅम नि निकोटिन २.३ छापलेलं असायचं. तिथे जी हलकी म्हणून विकतात ती १९८९ साली आलेली 'ए माइल्ड', तिच्यावर सुद्धा टार १४ आणि निकोटिन १. युरोपात टारची कायदेशीर मर्यादाच १० आहे, म्हणजे यांची माइल्ड पण तिथे बसत नाही.

औषधाची समजूत जुनी आहे. मध्य जावातल्या कुदुस गावात १८८०च्या सुमारास हाजी जमहारी नावाच्या माणसाची छाती दुखायची, तो लवंगेचं तेल चोळायचा, मग लवंग तंबाखूत मिसळून ओढायला लागला नि बरं वाटलं अशी गोष्ट सांगतात. बरं वाटलंच असेल हो, बधिर झाल्यावर वाटणारच! छातीतलं दुखणं गेलं असं त्यातून होत नाही.

अमेरिकेने २००९ मध्ये सुगंधी सिगारेटींवर बंदी घातली त्यात क्रेतेक पण गेली, मेन्थॉलची, म्हणजे पुदिन्यासारख्या गार चवीची, मात्र ठेवली, म्हणून इंडोनेशियाने जागतिक व्यापार संघटनेत भांडण नेलं आणि २०१२ मध्ये जिंकलं सुद्धा. लोक त्याचा अर्थ 'क्रेतेक निर्दोष सुटली' असा लावतात, ते चुकीचं आहे, वाद भेदभावाचा होता, मेन्थॉलला एक न्याय नि लवंगेला दुसरा का एवढाच.

मला स्वतःला कळलं ते सोडायच्या नादात. म्हटलं आधी साधी 'पुतिह', म्हणजे बिनलवंगेची, ओढू नि कमी करत जाऊ. पहिल्याच झुरक्याला घसा असा जळला की डोळ्यात पाणी, पाच मिनिटं खोकत होतो, आणि मग डोक्यात प्रकाश पडला की हे सगळं चार वर्षं रोज आत जातच होतं, मला फक्त लागत नव्हतं. त्यानंतर सोडायला आठ महिने गेले, सगळ्यात जास्त त्रास ओठावरच्या त्या गोडव्याच्या आठवणीने दिला.

तेव्हा कृपा करून एकसुद्धा पेटवू नका, तुम्ही सिगारेट ओढत नसाल तर मुळीच नको, कारण नवख्याला थांबवणारा तो पहिला ठसकाच इथे लागत नाही. लवंगेचा वास हवाय ना, मग बालीच्या उत्तरेकडच्या मुंडुक गावाला जा. डोंगरउतारावर लवंगेच्या बागा आहेत, आणि जुलै-ऑगस्टच्या आसपास गेलात तर रस्त्याच्या कडेला चटयांवर लवंगा वाळत घातलेल्या असतात, गाडीची काच खाली केली तरी पुरे.