लिदित्से हे चेक गाव नाझींनी नष्ट केल्यावर पुन्हा त्याच जागी वसलं का? गावाचा भूगोल-इतिहास कोणी सांगेल का?

नाही, त्याच जागी नाही. आजचं लिदित्से जुन्या गावठाणापासून साधारण ३०० मीटरवर, चढावर आहे. जुनी जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. मी प्रागमध्ये राहतो, तिथे माझं जाणं होतं. माझं मत असं की हे गाव समजून घ्यायचं तर आधी त्याची जमीन पाहावी.

प्रागच्या वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर, खाणी आणि पोलादाच्या क्लाद्नो शहराला लागून एक उथळ दरी आहे. तळाशी ओढा, काठाला सेंट मार्टिनचं चर्च, शाळा, तळं आणि भोवती शेतं, असं हे सुमारे ५०० वस्तीचं गाव होतं. चौदाव्या शतकापासून त्याची नोंद सापडते. १९४२ पर्यंत बरेच पुरुष क्लाद्नोच्या खाणीत आणि कारखान्यात कामाला जात.

२७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये राइनहार्ड हायड्रिखवर, म्हणजे व्याप्त चेक प्रदेशाचा कारभार पाहणाऱ्या बड्या नाझी अधिकाऱ्यावर, हल्ला झाला आणि ४ जूनला तो मेला. हल्लेखोरांशी लिदित्सेचा काहीही संबंध नव्हता. गावातल्या दोन घरांतले मुलगे ब्रिटनमध्ये चेकोस्लोव्हाक सैन्यात होते, एका संशयास्पद पत्रावरून गेस्टापोचं (नाझींच्या गुप्त पोलिसांचं) लक्ष तिकडे गेलं, आणि सूड उगवायला तेवढं पुरलं. १० जूनला होराक कुटुंबाच्या वाड्याशी १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या. त्यांत ७३ वर्षांचे धर्मगुरू योसेफ श्टेम्बेर्काही होते. बायकांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडलं. मुलं आयांपासून तोडली. त्यांतली ८२ पोलंडमधल्या खेल्म्नो इथल्या संहार छावणीत विषारी वायूने मारली. एकूण बळी ३४०.

मला सर्वांत हादरवतं ते पुढचं. माणसं संपवून ते थांबले नाहीत. घरं जाळून सुरुंगाने उडवली, चर्च पाडलं, स्मशानभूमी उकरली, झाडं तोडली, तळं बुजवलं, ओढ्याचा प्रवाहसुद्धा वळवला. हे काम १९४३ पर्यंत चाललं. परत आलेल्या माणसाला आपलं घर कुठे होतं हे ओळखायला एकही खूण राहू नये, असा तो बेत होता. या विध्वंसाचं चित्रीकरणही त्यांनीच केलं आणि पुढे नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात तेच पुरावा म्हणून दाखवलं गेलं.

नाव पुसायचं मात्र जमलं नाही. मेक्सिकोत एका वस्तीने ते नाव घेतलं. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट इथे डॉ. बार्नेट स्ट्रॉस यांनी खाणकामगारांना हाताशी धरून १९४२ मध्येच ‘लिदित्से जगेल’ ही मोहीम उभारली. स्वतः खोल खाणीत राबणाऱ्या त्या माणसांनी न पाहिलेल्या गावासाठी वर्गणी काढली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

युद्धानंतर १४३ बायका आणि १७ मुलं परतली. १९४७ मध्ये नव्या गावाची पायाभरणी झाली. १९५५ मध्ये दोन्ही गावांच्या मधल्या उतारावर गुलाबबाग फुलली. रोपं अनेक देशांतून आली होती. शिल्पकार मारिये उखितिलोवा यांनी त्या ८२ मुलांची पूर्ण उंचीची शिल्पं घडवली. त्या १९८९ मध्ये वारल्या, पण पतीने काम पूर्ण केलं. आता ती ब्राँझची मुलं जुन्या दरीच्या काठावर उभी आहेत.

जाणार असाल तर प्रागहून बस आहे. संग्रहालय पाहून लगेच परत फिरू नका, खाली ओढ्यापर्यंत चालत जा. चर्चचा आणि होराकांच्या वाड्याचा पाया तिथे अजून दिसतो.