आजीला उठू का देत नाहीत?

प्रिय मनू,

काल व्हिडिओ कॉलवर आजी खुर्चीतून उठायला लागली, तशी काकू धावलीच, "आई, तुम्ही बसा बघू, मी आणते." नंतर तू विचारलंस, "फिजिओथेरपिस्ट उठा म्हणते, घरचे बसा म्हणतात. आपल्यात मोठ्यांना असं बसवून का ठेवतात?"

आपल्यात मोठ्या माणसांना सगळं आयतं हातात देणं म्हणजे मान. काकूची माया खरीच आहे. पण तिच्या जोडीनं "आता वय झालं", "या वयात असं चालायचंच" हेही आजीच्या कानावर सारखं पडतं, आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर ते फार महागात पडतं. धडधाकट म्हाताऱ्यांनाही 10 दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतले स्नायू जवळजवळ किलोभर झडतात. मग उठवत नाही. की पुन्हा आहेच, "बघा, वय झालं!"

येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी सत्तरीच्या पुढच्या 598 जणांना विचारलं होतं, म्हातारी माणसं म्हटलं की मनात पहिले पाच शब्द कोणते येतात? ज्यांना पुढे अंघोळ, कपडे, चालणं स्वतःचं स्वतः जमेनासं झालं, त्यांच्यापैकी चांगले शब्द सांगणारे पूर्ण बरे होण्याची शक्यता 44 टक्क्यांनी जास्त निघाली. हे 2012 साली छापून आलं.

आता, मनात चांगलं आणलं म्हणून हाड जुळत नाही, एवढं मलाही कळतं. पण "आता काय सुधारणार" असं ज्याच्या डोक्यात बसलंय, तो व्यायाम टाळतो, दुखणं वयावर ढकलतो, डॉक्टरांना सांगतच नाही. शरीर मात्र एवढ्यात हार मानत नाही. 1990 साली एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या माणसांना 8 आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली. त्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली, आणि दोघांनी तर काठी सोडली! आपली आजी त्यांच्यापुढे तरुणच.

पडायची भीती खोटी नाही, म्हणून शेजारी कुणीतरी उभं हवंच. फक्त हात धरून ओढायचं नाही, उठायचं आजीनंच. काकूशी मी बोलतो. तू त्यात पडू नकोस, तुझं मराठी ऐकून ती आधी हसत सुटेल.

तुझा,
बाबा