परदेशी बँकेच्या पुण्यातल्या बॅक-ऑफिसमध्ये एव्हीपी (असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट, म्हणजे मधला हुद्दा) आहे, घरून काम करतो. नोकरी कितपत सुरक्षित?

घरून काम करता एवढ्यावरून सहसा कोणी काढत नाही. मधल्या हुद्द्यावर असणं आणि वरच्यांच्या नजरेआड असणं, ही जोडी मात्र वाईट. सिटी या अमेरिकी बँकेने जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२६ पर्यंत २०,००० पदं कमी करणार, आणि त्याच फेररचनेत व्यवस्थापनाचे थर १३ वरून ८ वर आणले. कुऱ्हाड कुठे पडते ते यातच आलं. जेपी मॉर्गनने तर मार्च २०२५ पासून पाचही दिवस ऑफिसात बोलावलं.

तुमचं काम नेमकं काय, ते बघा. फक्त एमआयएस (वरिष्ठांसाठीचे आकडेवारीचे अहवाल) गोळा करून पुढे ढकलत असाल तर काळजी रास्त आहे. नियामकाला जाणारा अहवाल तुमच्यावाचून अडत असेल तर थोडी कमी.

आणि हो, ऑनलाइन दिसावं म्हणून माउस हलवणारं यंत्र वगैरे लावू नका. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेने २०२४ मध्ये कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याबद्दल डझनभराहून जास्त लोकांना नोकरीवरून काढलं.

आज रात्री नेमणूकपत्र काढून कामाचं ठिकाण आणि नोटीस कालावधी ही दोन कलमं वाचा. गृहकर्ज असेल तर सहा हप्ते बाजूला ठेवा.