लहान मूल शब्द सहज उचलतं, मग मोठेपणी तेलुगू शिकताना शब्द का टिकत नाहीत?

सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, राहायला आलात म्हणजे हा प्रश्न रोजचाच. लहान मुलाला शब्द वस्तूसोबतच भेटतो. 1978 सालच्या एका अभ्यासात संशोधक सुसान कॅरी आणि एल्सा बार्टलेट यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना सहज सांगितलं, "तो क्रोमियम ट्रे आण, निळा नको." 'क्रोमियम' हे रंगाचं नाव म्हणून मुलांनी कधी ऐकलंच नव्हतं, तरी ती बरोबर ट्रे घेऊन आली, आणि काहींच्या डोक्यात त्या शब्दाची काहीतरी अंधुक खूण आठवडाभरानंतरही उरली होती. पण पूर्ण अर्थ बसायला मुलांनाही बराच काळ लागतो, हे आपण विसरतो.

आपलं तसं नसतं. 'उप्पु' ऐकलं की आपण ते आधीच्या 'मीठ'ला बांधून टाकतो. काम पटकन होतं, पण फसगतही होते: तेलुगूत 'अवसरम्' म्हणजे गरज, आणि आपण मराठीतल्या 'अवसर'वरून फुरसत समजून बसतो! (माझी झालीये.)

वहीत याद्या करून घोकू नका. दुकानात 'उप्पु' मागा. मग एक-दोन दिवस जाऊ द्या आणि वही न बघता आठवून पाहा. डोक्याला ताण पडला तर चांगलंच.