म्युनिक, श्टुटगार्ट की इंग्लंड: लेकीच्या मास्टर्ससाठी किती कर्ज काढायचं?

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्राचा गोषवारा असा. मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर, पुण्यात दोन वर्षं नोकरी झाली. हातात तीन प्रवेश आहेत: म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ, श्टुटगार्ट विद्यापीठ आणि इंग्लंडमधला एक वर्षाचा अभ्यासक्रम, ज्याची फी ३२,००० पौंड. क्रमवारीत म्युनिक वर, म्हणून तिचा ओढा तिकडे. मामा म्हणतो इंग्लंड, वर्षात मोकळी होईल. शिक्षणासाठी साठवलेले १६ लाख आहेत. बाकीच्यासाठी मिरजेचा प्लॉट विकावा की राहतं घर तारण ठेवावं, हा तुमचा प्रश्न. यजमान तीन वर्षांनी निवृत्त होतायत, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत. माझ्या लेखी सगळ्या पत्रात तीच ओळ सगळ्यात वजनदार आहे.

माझं मत आधीच सांगते: श्टुटगार्ट. आता हिशेब बघा. युरो १०५ आणि पौंड १२० रुपये धरलाय.

म्युनिकच्या या विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली. तुमच्या मुलीच्या अभ्यासक्रमाला ती सेमिस्टरला ६,००० युरो, म्हणजे चार सेमिस्टरचे २४,०००. श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं तिथे ही फी सेमिस्टरला १,५०० युरो, चारचे ६,०००. राहण्याखाण्याचं म्हणाल तर म्युनिकची घरभाडी जर्मनीत सगळ्यात चढी, तिथे महिना १,२०० युरो लागतील. श्टुटगार्टही स्वस्त नाही, १,०५० धरा. दोन वर्षांचं सगळं मिळून म्युनिक साधारण साडेपंचावन्न लाख, श्टुटगार्ट ३३ लाख. म्हणजे साडेबावीस लाखांचा फरक.

तुमचे १६ लाख वजा केले तर एकीकडे साडेएकोणचाळीस लाखांचं कर्ज, दुसरीकडे १७ लाखांचं. व्याजदर साडेदहा टक्के, मुदत दहा वर्षं आणि शिक्षण संपल्यावर हप्त्याला वर्षभराची सवलत असं धरलं, तर सवलतीच्या काळातलं व्याज मुद्दलात मिळून म्युनिकचा हप्ता सुमारे ६६ हजार होतो आणि श्टुटगार्टचा २८ हजार. हा पहिला हप्ता येणार बरोबर तीन वर्षांनी, म्हणजे यजमानांचा पगार थांबून पेन्शन सुरू होईल त्याच सुमाराला. मुलीला नोकरी लागायला सहा महिने उशीर झाला, तर २८ हजार तुम्ही दोघं ओढाताण करून भराल. ६६ हजार भरता येणार नाहीत.

मग क्रमवारीचं काय? तुम्ही दिलेली क्यूएसची, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या संस्थेची, यादी कशी बनते ते मुलीला जरूर वाचायला सांगा. तिच्यात ३० टक्के वजन प्राध्यापकांच्या मतांना आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांना आहे. म्हणजे जवळपास निम्मे गुण नावलौकिकाचे. शिवाय तो आकडा अख्ख्या विद्यापीठाचा, तिच्या विभागाचा नाही. म्युनिक आणि श्टुटगार्ट दोन्ही जर्मनीच्या नऊ प्रमुख तांत्रिक विद्यापीठांच्या 'टीयू नाइन' गटात आहेत. मर्सिडीज-बेंझ आणि पोर्शे यांची मुख्यालयं श्टुटगार्टमध्ये, बॉशचं शेजारीच गेर्लिंगनला. मास्टर्सचा प्रबंध कंपनीत करायची पद्धत तिथे आहे आणि नोकरीचा रस्ता बऱ्याचदा तिथूनच जातो. मात्र जर्मन वाहन उद्योगात सध्या नोकरकपात चालू आहे, हेही तितकंच खरं. म्हणून तर कर्ज कमी हवं. आणि जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत, म्हणजे कामाच्या ठिकाणी नीट बोलता-लिहिता येईल इतपत, आणायची ती आतापासून. नोकरीच्या दृष्टीने हा खर्च मला क्रमवारीतल्या चढत्या जागांपेक्षा मोलाचा वाटतो.

मामाचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. एक वर्ष वाचलं म्हणजे एक वर्षाचा पगार हाती आला. पण फी, राहणं आणि व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार धरून तिथलं ते एक वर्षच ५७ लाखांच्या आसपास जातं. त्यात शिक्षणानंतर तिथे राहायच्या व्हिसासाठी १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार, आणि तुमच्या मुलीचा अर्ज त्यानंतरच पडेल. पदवीनंतर नोकरी शोधायला जर्मनीही १८ महिनेच देते, पण निम्म्याच्या थोड्या वर खर्चात.

आता पैशांच्या व्यवस्थेचं. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे जर्मन व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचे, ११,९०४ युरो तुम्ही खर्चात वेगळे धरलेत. ते दोनदा मोजले गेले. ते तिचेच पैसे आहेत, महिन्याला ९९२ युरो असे तिलाच परत मिळतात आणि पहिल्या वर्षाचं राहणं-खाणं, आरोग्यविमा त्यातूनच भागतो. पण ते जातील एकदम, सुमारे साडेबारा लाख, त्यामुळे रोकड तेवढी तयार हवी. त्याशिवाय विमानाचं तिकीट आणि खोलीची अनामत यांसाठी तीनेक लाख वेगळे ठेवा. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी मागता येते.

टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराची, धास्ती घेऊ नका. बँकेच्या शिक्षणकर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. स्वतःच्या पैशांतून आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर पाठवलं तरच वरच्या रकमेवर कापला जातो, आणि विवरणपत्र भरताना तो वळता होतो. तो वाचवण्यासाठी जास्तीचं कर्ज काढू नका. व्याजावरची करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, म्हणून तीही हिशेबात धरू नका. आणि तिची अर्धवेळ कमाई तर अजिबातच नको. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिलं सेमिस्टर तिला अभ्यासालाच पुरणार नाही.

प्लॉट विकू नका. बिगरशेती असेल आणि कागद साफ असतील, तर कर्जाला तोच तारण द्या, राहतं घर मोकळं ठेवा. पीपीएफला हात लावू नका, तो तुमच्या म्हातारपणाचा पैसा आहे. कर्ज मुलीच्या नावावर मुख्य कर्जदार म्हणून असू द्या, तुम्ही सहकर्जदार. सवलतीच्या काळात दर महिन्याला नुसतं व्याज भरता आलं तर भरा, पुढचा हप्ता २८ हजारांवरून २३ हजारांच्या घरात येईल.

मुलीचं मन म्युनिकवर आहे, ते मी समजू शकते. तिने आधी तिथे फीमाफीसाठी अर्ज करावा, तशी सोय त्या विद्यापीठात आहे. पूर्ण माफी मिळाली तर खर्च तीस लाखांच्या आसपास येतो आणि मग म्युनिकला माझी काहीच हरकत नाही. श्टुटगार्टची जागा पक्की करायच्या मुदतीपर्यंत होकार आला नाही, तर श्टुटगार्ट घ्या. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.