कुत्र्याचं पिल्लू लीश (फिरवायची दोरी) ओढतंय? एवढंच आधी करा

चार महिन्यांचं पिल्लू ओढणारच. तो हट्टीपणा नाही. ओढलं की पुढे जायला मिळतं, एवढंच ते शिकलंय. म्हणून लीश ताणली की तुम्ही जागीच थांबा. मागे खेचू नका, ओरडू नका. त्याने वळून पाहिलं, लीश सैल पडली, की लगेच शाबासकी द्या आणि चाला. सुरुवातीला १० मिनिटांत गेटपर्यंतही पोचणार नाही. चालेल.

– साधी ५-६ फुटी लीश आणि अंगाला नीट बसणारा हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या. आपोआप लांबणारी लीश सतत ताणलेली राहते, ती ओढायलाच शिकवते. चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) तर नकोच, कोवळ्या गळ्याला इजा होते.
– उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे तुमच्या पायालगत भरवा. हात पुढे करून दिलेत तर ते आडवं येऊन उभं राहील.
– सराव आधी घरात, मग पार्किंगमध्ये. गल्लीतल्या कुत्र्यांसमोर सगळ्यात शेवटी.

बहुतेकांचं बिघडतं ते घरातल्या माणसांमुळे. सकाळी तुम्ही थांबता, संध्याकाळी दुसरं कुणी ओढू देतं. मग पिल्लू आणखी चिकाटीने ओढतं, कारण कधीतरी जमतं हे त्याला कळलेलं असतं. सगळ्यांना आजच सांगा. ‘हील’ (पायालगत चालायची आज्ञा) वगैरे नंतर बघू.