लवकर फुललं म्हणजे जास्त फुललं नव्हे

गेल्या महिन्यात या सदरात आर्क्टिक टुंड्रामधल्या, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतालच्या थंड, वृक्षहीन प्रदेशातल्या फुलांच्या हंगामावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एकच समजूत वारंवार दिसते: तिकडे ऊब वाढली, म्हणजे वनस्पतींचं भलंच झालं. म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतो.

टुंड्रात झाडंच नसतात, मग फुलं कुठून येतात?

उंच वृक्ष नसतात. बोटभर उंचीच्या फुलझाडांची मात्र रेलचेल असते. तिथला आर्क्टिक विलो हे झुडूप तर वेलीसारखं जमिनीलगत पसरतं.

तापमान एक अंशाने वाढलं की फुलं किती दिवस आधी येतात? मुलांना शिकवायला एक आकडा हवा आहे. (शिक्षिका, सातारा)

असा एक आकडा नाही, आणि कृपया मुलांना तो देऊ नका. जागा बदलली, जात बदलली की उत्तर बदलतं. जितकी जागा थंड, तितकी तिथली वनस्पती एका अंशाच्या वाढीला जास्त दाद देते, एवढं खात्रीने सांगता येतं. ईशान्य ग्रीनलंडमधल्या झॅकेनबर्ग इथे १९९६ ते २००५ या काळात फुलणं, कीटक बाहेर पडणं आणि पक्ष्यांची अंडी घालणं सरासरी १४.५ दिवसांनी अलीकडे आलं. पण तो त्या दशकाचा आणि त्या जागेचा हिशेब. तो पुढे ताणायचा नाही.

हवेच्या तापमानाइतकंच, कित्येकदा त्याहून जास्त, महत्त्व बर्फ कधी वितळला याला असतं. २०१८ साली झॅकेनबर्गला इतका बर्फ साचला आणि तो इतक्या उशिरा वितळला की त्या उन्हाळ्यात बहुतेक वनस्पती आणि प्राण्यांचं पुनरुत्पादनच फसलं. हवा तापली की तिच्यात बाष्पही जास्त मावतं, त्यामुळे बर्फही जास्त पडू शकतो.

आपल्या कासच्या पठारासारखंच ना हे?

नाही. कास पावसावर फुलतं, टुंड्रा बर्फ वितळण्यावर.

फुलं लवकर आली तर हंगाम लांबेल, मग कीटकांना फायदाच होईल ना? (वाचक, नाशिक)

हाच प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो, म्हणून जरा सविस्तर.

ड्रायस नावाचं एक पांढरं फूल आहे. आठ पाकळ्या, मधोमध पिवळे पुंकेसर. फुलाची वाटी दिवसभर सूर्याकडे वळत राहते, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा उबदार असते. एखादी माशी त्या वाटीत येऊन बसते, अंग शेकते आणि उडताना पराग घेऊन जाते. टुंड्रात परागीभवनाचं बरंचसं काम अशा साध्या माश्याच करतात.

आता तापमान वाढलं की काय होतं? उशिरा फुलणाऱ्या जाती लवकर फुलणाऱ्या जातींपेक्षा जास्त दिवसांनी अलीकडे सरकतात. सुरुवात थोडी आधी आणि शेवट बराच आधी. म्हणजे फुलांचा एकूण हंगाम लांबत नाही, आखडतो! झॅकेनबर्गला नेमकं हेच नोंदलं गेलं, आणि त्याच काळात तिथल्या फुलांवर येणाऱ्या माश्याही घटल्या.

दुसरं संकट गारठ्याचं. यातल्या अनेक वनस्पतींच्या कळ्या आदल्याच वर्षी तयार होऊन बर्फाच्या पांघरुणाखाली हिवाळा काढतात. ते पांघरूण लवकर निघालं आणि मागून कडाक्याची थंडी आली, तर वर्षभराची तयारी एका रात्रीत जळून जाते.

आणि हे फुलांपुरतंही थांबत नाही. पश्चिम ग्रीनलंडमधल्या कांगर्लुसुआक भागात कॅरिबूंच्या (रेनडिअर हरणांच्या) विण्याची वेळ फारशी हलली नाही, चारा मात्र आधीच उगवू लागला. कोवळा, पौष्टिक चारा हवा तेव्हा तो निबर झालेला, आणि पिल्लांची संख्या घटली. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही. पण ‘ऊब वाढली, बरं झालं’ हा ऐकीव निष्कर्ष पुढे पाठवण्याआधी त्या भागात काम करणाऱ्या अभ्यासकाला विचारा.

ऑनलाइन ‘आर्क्टिक पॉपी’चं बी घेतलं. विक्रेता म्हणतो, हवामान बदलल्यामुळे आता ते पुण्यातही येतं. पाकिटाचा फोटो सोबत.

पाकिटावरचं शास्त्रीय नाव पापाव्हर न्यूडिकॉले आहे. हा बागेतला नेहमीचा आइसलँड पॉपी. थंडीत कुंडीत येईलही, पण त्याचा हवामान बदलाशी संबंध जोडणं ही शुद्ध फसवणूक आहे. बी परदेशातून आलं असेल तर पेरू नका. त्याला आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. आधी प्लांट क्वारंटाइन कार्यालयात चौकशी करा.

स्वालबार्डच्या (आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटांच्या) सहलीत ‘फुलांचा बहर हमखास’ असं लिहिलंय. पैसे भरू का?

त्या शब्दावर विसंबून भरू नका. बर्फ कधी वितळेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. जाणारच असाल तर स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे हे लक्षात ठेवा. नॉर्वेमार्गे परतायचं तर दोनदा प्रवेशाचा व्हिसा लागतो, तो आधी विचारून घ्या. तिथे फूल तोडायला कायद्याने बंदी आहे. एकही नको.

एम.एस्सी. करतेय. टुंड्रावर काम करायचंय, पुढच्या वर्षीपासून तयारी सुरू करू का?

पुढच्या वर्षी का? ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे. भारताचं ‘हिमाद्री’ स्थानक २००८पासून स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडला आहे. प्रस्ताव कसा द्यायचा हे तुमच्या मार्गदर्शकांशी बोलून आत्ताच केंद्राला विचारा.

१९९०मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोगात ऊब वाढवून वनस्पतींवरचा परिणाम पाहतात, त्याची पद्धतही समजून घ्या. वरून उघडी, सहा बाजूंची पारदर्शक पेटी जमिनीवर ठेवायची. आतलं तापमान एक ते तीन अंशांनी वाढतं. पण पेटीमुळे वारा अडतो आणि बर्फ साचण्याची तऱ्हाही बदलते, म्हणून तुलनेसाठी शेजारी पेटीविना जमिनीचा तुकडा हवाच. किती पेट्या, किती तुकडे, हे संख्याशास्त्रज्ञाला आधी विचारा. नोंदी संपल्यावर विचारून उपयोग नाही.

तोवर दारातला एक बहावा किंवा आंबा निवडा. सीझनवॉच या झाडांच्या नोंदी ठेवणाऱ्या उपक्रमात नाव घाला आणि कळी, फूल, फळ यांची नोंद दर आठवड्याला ठरलेल्या वारी करा. पहिली नोंद याच आठवड्यात.